नाण्यांचा शोध : यंत्र कोणते निवडावे?

मुंबईहून सुरतेस जाणारी आगगाडी सुरत येण्यापूर्वी सचिन नावाच्या स्थानकावरून जाते. आज हे नाव कारखान्यांशी आणि तेथील औद्योगिक वसाहतीशी जोडले गेले आहे. तथापि महाराष्ट्राच्या इतिहासाचाही एक धागा त्यात गुंतलेला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात गादीचा तंटा उत्पन्न झाला, आणि १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारानुसार त्या घराण्यातील बालूमियाँ यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडून सुरतेजवळची काही गावे स्वीकारली. तेच सचिन संस्थान होय. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९६० पासून तो प्रदेश गुजरात राज्यात आहे.

या सचिनच्या उशाशी असलेली सुरत म्हणजे शतकानुशतके नाण्यांची पेठ. गुजरातच्या सुलतानांची चांदीची महमुदी येथे चालत असे. १५७३ साली अकबराने सुरत घेतल्यानंतर मोगली रुपया आला. पश्चिमेकडील व्यापारी कापड आणि नीळ नेण्यासाठी जहाजे भरून चांदी आणीत, आणि ती सुरतेच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पाडले जात. १८०० साली शहराचा सारा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, आणि त्यानंतर सुरतेचे नाव धारण करणारा रुपया मुंबईत व कलकत्त्यातही पडू लागला; म्हणजे नाण्यावर सुरतेचे नाव दिसले, तरी ते सुरतेतच घडले असे धरून चालता येत नाही. ज्या नगरीत इतके नाणे खेळले, तिच्या आसपासच्या मातीत थोडेफार सांडले असणार, आणि १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ किंवा १६६४ व १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या अशा धामधुमीच्या प्रसंगी कोणी काही पुरूनही ठेवले असणार, हा तर्क साहजिक आहे.

आज सचिन, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांचे एक पाऊल मागावर आणि दुसरे धुळे-नंदुरबारकडच्या शेतात असते. अशा घरातील एखाद्या तरुणाला जुन्या नाण्यांचा छंद लागतो, दुकानात किंवा जाहिरातीत धातुशोधक यंत्र दिसते, आणि चार पैसे गाठीला बांधून ते विकत घ्यावे, सुटीच्या दिवशी नदीकाठी किंवा गावच्या शेतात फिरवावे, अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न होते. ही इच्छा वाईट नव्हे. परंतु यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पलीकडे जाते. निवड चुकली तर कष्टाचा पैसा जातो, आणि वापर चुकला तर पैशाहून मोठ्या गोष्टी जातात. म्हणून कोणते यंत्र घ्यावे या साध्या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अवश्य आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहिले पाहिजे. त्याच्या दांड्याच्या टोकाला एक तबकडी असते. तिच्यात तारेची वेटोळी बसवलेली असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की तबकडीखाली बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला म्हणजे त्या तुकड्यात लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. यंत्र वाजते ते एवढ्यासाठी. त्याला नाणे दिसत नाही, राजा दिसत नाही, शतक कळत नाही. आपल्याखाली वीज वाहून नेणारे काही आहे, आणि ते कितपत वाहून नेते, एवढेच त्याला कळते.

या तत्त्वाचा एक फार जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कोठे अडकली हे शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक उपकरण तयार केले. परंतु रुग्णाच्या बिछान्याखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या, आणि वैद्यांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या एकाच बाजूला. गोळी सापडली नाही, आणि सप्टेंबरात अध्यक्षांचे निधन झाले. उपकरण खोटे नव्हते. परिसराने त्याला फसवले, आणि शोधण्याची जागा आधीच चुकीची ठरवली गेली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे लष्करी अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्यासाठी हाती धरण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात ते उपयोगी पडले. आजची छांदिष्टांची यंत्रे याच वंशातील होत. परंतु बेलच्या प्रयोगातील दोन्ही अडचणी, म्हणजे परिसराचा गोंगाट आणि जागेची चुकीची निवड, आजही जशाच्या तशा उभ्या आहेत.

बाजारात या यंत्रांचे मुख्यत्वे दोन प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा अखंड प्रवाह वापरतात. याचा गुण असा की, परत येणाऱ्या लहरीला किती विलंब लागला यावरून धातूच्या जातीचा अंदाज बांधता येतो. बहुतेक यंत्रांवर हा अंदाज आकड्याने दाखवला जातो. लोखंड अगदी खालच्या अंकावर, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि लहान सोने मधल्या अंकांवर, तांबे आणि जाड चांदी वरच्या अंकांवर. दुसऱ्या प्रकारात प्रवाह अखंड न सोडता त्याचे क्षणिक झटके देतात, आणि झटका संपल्यानंतर मातीतून काय प्रतिसाद येतो ते ऐकतात. हे यंत्र खारट ओल आणि लोहयुक्त माती यांना फारसे दबत नाही, आणि अधिक खोलवरही पोहोचते. पण लोखंडाचा खिळा आणि चांदीचा रुपया यांतील भेद त्याला नीट सांगता येत नाही.

विक्रेता सामान्यतः खोलीची भाषा बोलतो. अमुक यंत्र इतके फूट जाते, तमुक त्याहून दुप्पट जाते. नवख्या माणसाला हीच गोष्ट मोलाची वाटते. वास्तविक रुपयाएवढे एकटे नाणे पहिल्या प्रकारच्या चांगल्या यंत्रालाही साधारणपणे वीत-सव्वावीत खोलीच्या पलीकडे ओळखणे कठीण जाते. फुटांच्या गोष्टी असतात त्या हंड्याएवढ्या वस्तूंच्या. तेव्हा नाण्यांसाठी यंत्र घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो खोलीचा नव्हे, तर पारखीचा. यंत्राला वेगळेपण ओळखता येते काय? शेजारी शेजारी पडलेला खिळा आणि नाणे यांना ते दोन वेगळे स्वर देते काय?

सचिनच्या परिसरात तर या पारखीची विशेष गरज आहे. तेथे तीन विघ्ने एकत्र येतात. पहिले, माती. दक्षिण गुजरातची ही काळी जमीन मूळच्या अग्निजन्य खडकाची बनलेली असून तिच्यात लोहाचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्यामुळे यंत्र रिकाम्या जमिनीवरही कुरकुरते. दुसरे, समुद्राचे सान्निध्य. खाडीकडच्या जमिनीत क्षार असतो, आणि ओला क्षार स्वतःच वीज वाहून नेतो, म्हणून पावसाळ्यानंतर यंत्र अधिकच चुकते. तिसरे, उद्योग. कारखान्यांच्या आसपास तारांचे तुकडे, नट-बोल्ट, पत्र्याचे कपटे विखुरलेले असतात, आणि डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा व जवळपास चालणारी यंत्रे यांच्या लहरी शोधकाच्या कानात घुसतात. ज्या यंत्रात मातीशी मेळ घालण्याची सोय नाही, आणि ज्याची लहर थोडीफार बदलून बाहेरचा गोंगाट टाळता येत नाही, ते यंत्र येथे घेणे म्हणजे बाजारात उभे राहून कुजबुज ऐकण्याचा प्रयत्न करण्यासारखे आहे.

म्हणून अशा प्रदेशासाठी पहिल्या प्रकारातील, परंतु एकाच वेळी अनेक लहरींवर काम करणारे यंत्र अधिक भरवशाचे. कारण एका लहरीवर क्षाराने घातलेला घोटाळा दुसरीच्या साह्याने दुरुस्त करता येतो. ते परवडत नसेल तर एकाच लहरीचे घ्यावे, मात्र मातीशी मेळ घालण्याची सोय हाताने करता येण्यासारखी असावी. तबकडी फार मोठी घेऊ नये. मोठी तबकडी खोल जाते हे खरे; पण भंगाराच्या जागी तिच्याखाली एकदम चार वस्तू येतात आणि चौघांचा मिळून एकच गोंधळलेला स्वर निघतो. लहान तबकडी थोडे पाहते, पण स्पष्ट पाहते. इंग्रजी डी हे अक्षर पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखी वेटोळी असलेल्या तबकड्या मिळतात. लोहयुक्त मातीत त्या बऱ्या. कानाला लावण्याचे हेडफोन अवश्य घ्यावेत, कारण पुसट स्वर वाऱ्यात हरवतो. आणि बोटभर लांबीचा एक छोटा शोधक मिळतो, तो खड्ड्यात धरला की नाणे नेमके कोणत्या कडेला आहे ते कळते. त्यामुळे खड्डा लहान राहतो आणि खुरप्याचा घाव नाण्यावर बसत नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. बहुतेक यंत्रांत नको त्या धातूंचे आवाज बंद करण्याची सोय असते. नवखा मनुष्य खिळे आणि पत्रे यांना कंटाळून सर्व खालचे आणि मधले अंक बंद करून टाकतो, आणि केवळ चांदी व तांबे यांची वाट पाहतो. परंतु दक्षिणेच्या इतिहासाने या हिशेबात एक विलक्षण अडचण करून ठेवली आहे. सातवाहन राजांनी आपली पुष्कळ नाणी शिशाची आणि पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची पाडली. शिसे विजेचे मंद वाहक आहे. त्यामुळे यंत्राच्या तराजूत सातवाहनाचे नाणे आणि औषधाच्या गोळ्यांचे फेकलेले पाकीट जवळजवळ एकाच पारड्यात पडतात. क्षत्रपांची चांदीची नाणी शुद्ध असली तरी वजनाला सुमारे दोनच ग्रॅम भरतात. त्यांचाही स्वर जाड रुपयासारखा खणखणीत येत नाही. परदेशातील जाड चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्यांवरून बांधलेले अंदाज येथे आंधळेपणाने लावले, तर दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे कचरा म्हणून मागे राहते आणि परवाचे बाटलीचे बूच आनंदाने उकरले जाते.

उलट फसवणूकही होते. दुकानात यंत्राची परीक्षा घेताना विक्रेता खिशातील एक रुपया खाली टाकतो. आजचा एक रुपया लोहयुक्त स्टेनलेस पोलादाचा आहे, त्याला लोहचुंबकही धरतो. त्याच्यावरून चांदीच्या नाण्याची परीक्षा होऊ शकत नाही. त्यापेक्षा घरातील आजीच्या पेटीत असलेला चांदीचा एखादा जुना रुपया, एक तांब्याचा पैसा, एक शिशाचा तुकडा आणि एक खिळा बरोबर न्यावा, आणि प्रत्येकावर यंत्र कसे बोलते ते ऐकावे. यंत्र घेतल्यावरही पहिले काही दिवस आपल्याच अंगणात या वस्तू निरनिराळ्या खोलीवर पुरून स्वर ओळखण्याचा सराव करावा. गवयाचे कान जसे तयार होतात, तसेच हेही कान तयार व्हावे लागतात.

दुसरी गोष्ट त्या दांड्यांची, ज्या दूरवरूनच सोने दाखवतात असे सांगितले जाते. हातात धरलेली दांडी आपोआप फिरून अर्ध्या मैलावरच्या धनाकडे वळते, असा दावा करणारी उपकरणे भारी किमतीला विकली जातात. वर सांगितलेल्या तत्त्वात अशा उपकरणाला जागाच नाही. अशाच फिरत्या दांडीचे एक उपकरण बाँब शोधणारे म्हणून एका इंग्रज व्यापाऱ्याने इराकला व इतर देशांना विकले. आत काहीच नव्हते. त्यावर विसंबून राहिलेल्या पहाऱ्यांतून बाँब सुटून गेले. २०१३ साली इंग्लंडमधील न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. धनाच्या लोभाला पुढे मांत्रिकाचीही जोड मिळते, आणि मग प्रकरण पैशाच्या फसवणुकीवर थांबत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यातच सारे आले. गुजरातेतही २०२४ साली त्याच धर्तीचा कायदा संमत झाला.

यंत्र निवडून झाले, तरी जागा निवडणे बाकी राहते. आणि बेलच्या प्रयोगाने शिकवले त्याप्रमाणे खरे यशापयश तेथेच ठरते. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीला दोन सुंदर नावे देऊन ठेवली आहेत. लोक जेथे नांदले ती पांढरी, आणि जेथे पिकवले ती काळी. पिढ्यान् पिढ्यांच्या भिंती, चुली आणि राख साचून पांढरीची टेकाडे तयार झाली. तापीकाठी प्रकाशे येथे १९५४-५५ साली पुराणवस्तू खात्याने केलेल्या उत्खननात अशाच टेकाडातून ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उघडे झाले. पुस्तकाची पाने जशी क्रमाने असतात तसे हे थर असतात. वरच्या थरातील नाणे खालच्या थरातील खापराचे वय सांगते, आणि खापर नाण्याची साक्ष काढते. तेथे कोणी एक खड्डा घेतला की सगळी पाने एकदम फाटतात. हातात नाणे राहते, पण वाचायचे पुस्तक जाते.

काळीची गोष्ट निराळी. नांगर तिला वर्षानुवर्षे वर-खाली करीत असतो. तेथील वीतभर मातीत सापडलेले सुटे नाणे बहुधा कोणाच्या कनवटीतून सांडलेले किंवा उकिरड्याच्या खताबरोबर शेतात आलेले असते, आणि त्याचा मूळ थर नांगराने केव्हाच मोडलेला असतो. ते वेचल्याने इतिहासाची हानी होत नाही. उलट नांगराच्या आणि खतांच्या तडाख्यातून ते वाचते. आता ध्यानात येईल की नांगराची ही खोली आणि साध्या पारखी यंत्राची पोच जवळजवळ सारखीच आहे. म्हणून प्रामाणिक छांदिष्टाला त्याहून खोल जाणारे यंत्र लागतच नाही. त्याहून खोल जे आहे, ते त्याचे नव्हे. पांढरी सोडावी आणि काळीत फिरावे, तेही शेतकऱ्याची लेखी परवानगी घेऊन व पीक निघाल्यानंतर. संरक्षित स्मारकांच्या आवारात, मग तो सुरतेचा किल्ला असो, तेथील इंग्रज आणि डच लोकांच्या कबरी असोत किंवा राजपुरीचा जंजिरा असो, खणण्याचा विचारही करू नये; कायद्याने तो गुन्हा आहे. तापीच्या काठाविषयी एवढे सांगणे पुरे की, पुरांनी तेथे गाळाचे थर चढवले आहेत; जुनी जमीन त्यांच्या खाली, यंत्राच्या आवाक्याबाहेर दबलेली आहे.

खोल जाऊ नये असे म्हणण्याचे कारण नाशिक जिल्ह्याने एकदा जगाला दाखवून दिले आहे. १९०६ साली सिन्नरच्या बाजूला जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. त्यात नहपान नावाच्या क्षत्रपाची सुमारे १३,२५० नाणी होती. त्यांचे परीक्षण करून रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली ती माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसून आले की त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाचे नाणे रद्द न करता त्याच्याच मुखावर विजेत्याने आपली मुद्रा उमटवली होती. नहपानाचा पाडाव गौतमीपुत्राने केला, या गोष्टीचा इतका भरभक्कम पुरावा दुसरा नाही. आता कल्पना करावी की ही नाणी शोधणाऱ्याने रातोरात उकरली असती आणि मूठमूठभर सराफांना विकली असती. प्रत्येक सराफाकडे दोन ग्रॅम चांदीचे काही चपटे तुकडे गेले असते. पण छाप मारलेल्या आणि न मारलेल्या नाण्यांचे जे प्रमाण एका जागी पाहिल्यामुळे कळले, ते कोणालाही कधीच कळले नसते.

याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत कोरून ठेवले आहे की, आपण दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. त्याच लेण्यातील दुसऱ्या मजकुरात पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा भावही सांगितला आहे. म्हणजे जी नाणी सिन्नरजवळ पुरली गेली, त्यांच्याच काळातील व्यापारी तापी ओलांडून भडोचकडे जात असत, आणि आजच्या सचिनचा मुलूख त्यांच्या वाटेवर पडत असला पाहिजे. एका नाण्याचे मोल या साऱ्या संबंधांत असते. संबंध तुटले की उरते ती केवळ धातूची किंमत.

कायदाही याच कारणाने या गोष्टीत लक्ष घालतो. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत दडवलेल्या धनाचा कायदा १८७८ पासून या देशात आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडले, कोठे सापडले आणि केव्हा सापडले हे शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवले पाहिजे, आणि माल सरकारी खजिन्यात जमा केला पाहिजे किंवा तो हजर करण्याचा जामीन दिला पाहिजे. दहा रुपयांची ही मर्यादा आज नाममात्र आहे. चांदीचा कोणताही जुना रुपया नुसत्या धातूच्या भावानेच तिच्या किती तरी वर जातो. मग जाहीर सूचना निघते. शंभर वर्षांच्या आत कोणी ते धन पुरले होते असे दिसले, तर त्याला किंवा त्याच्या वारसाला हक्क शाबीत करण्याची संधी मिळते. कोणी मालक ठरला नाही, आणि शोधणारा व जमिनीचा मालक यांच्यात निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. न कळवणाऱ्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्याचा वाटाही जप्त होतो. सांडलेले एकटे नाणे या अर्थाने दडवलेले ठरते की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. शहाण्या माणसाने कळवून मोकळे व्हावे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू होय. परवान्यावाचून तिचा व्यापार करता येत नाही, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

या व्यवस्थेवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. १८७८ च्या कायद्यानुसार सरकारने धन स्वतःसाठी घ्यायचे ठरवले, तर धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढेच हक्कदारांना मिळते. दुर्मीळ नाण्याची बाजारातील किंमत धातूच्या कित्येक पट असते. मग गरीब मनुष्याने प्रामाणिकपणाचा तोटा का सोसावा? इंग्लंडने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. तेथील १९९६ च्या कायद्याने बाजारभावाइतके बक्षीस देण्याची पद्धत घातली. २०१० साली सॉमरसेट परगण्यातील फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या छांदिष्टाचे यंत्र वाजले. थोडे खणताच रोमन नाणी आणि मडक्याची कड दिसली. तेथे त्याने हात थांबवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी मडक्यातील नाणी थराथराने, क्रम न मोडता बाहेर काढली. ती भरली ५२,५०३. शोधणारा आणि शेतमालक यांना मिळून ३,२०,२५० पौंड मिळाले, आणि नाणी संग्रहालयात गेली. आपल्या कायद्यातही अशी सुधारणा व्हावी असे म्हणण्यास जागा आहे. परंतु सुधारणा मागण्याचा हक्क कायदा पाळणाऱ्याला शोभतो. माल दडवणाऱ्याने तो मागितला, तर त्याचे कोणी ऐकणार नाही.

आता सचिनच्या त्या तरुणाकडे वळावे. त्याने यंत्र घ्यावे, पण घाईने नव्हे. आधी सहा महिने संग्रहालयांतील नाणी पाहावीत. ब्राह्मी, फारसी आणि मोडी अक्षरांची तोंडओळख करून घ्यावी. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, तेथील अभ्यासकांची पुस्तके मिळवावीत. मग लोखंड, शिसे आणि चांदी यांचे स्वर वेगळे देणारे, मातीशी मेळ घालता येणारे, लहान तबकडीचे मध्यम किमतीचे यंत्र निवडावे. एक वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक नाण्यासमोर दिवस, शेत, बांधापासूनचे अंतर आणि खोली टिपून ठेवावी. कारण ही टिपणेच नाण्याची भाषा होत. सापडलेले नाणे चिंचेने, राखेने किंवा तेजाबाने घासू नये. चकाकीबरोबर अक्षरेही निघून जातात. नुसत्या पाण्याने वरची माती काढावी, आणि कागदाच्या पुडीत निराळे ठेवावे. खणलेला खड्डा जसा होता तसा बुजवावा.

आणि कधी दैवयोगाने एका ठिकाणी एकामागून एक स्वर येऊ लागले, खुरप्याला मडक्याची कड लागली, तर त्या क्षणी खुरपे बाजूला ठेवावे. जागेवर खूण करावी, शेतमालकाला सांगावे, तलाठ्यामार्फत आणि लेखी अर्जाने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, आणि पुरातत्त्व खात्याचा माणूस येईपर्यंत तेथे पहारा द्यावा. त्या एका तासात माणसाची परीक्षा होते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे, त्याला हा संयम सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु चोरून विकलेल्या नाण्यांचा पैसा दलालाच्या खिशात अधिक आणि शोधणाऱ्याच्या खिशात थोडा जातो; कैदेची टांगती तलवार मात्र पुरती त्याच्याच मानेवर राहते. उलट कळवणाऱ्याला त्याचा कायदेशीर वाटा मिळतो, आणि त्या ठेव्याबरोबर त्याच्या गावाचे नाव इतिहासात जाते. जोगळटेंभी हे लहानसे खेडे आज जगातील नाणकशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, ते याच कारणाने.

तात्पर्य, यंत्र निवडताना त्याची खोली पाहू नये, पारख पाहावी. आणि यंत्राची पारख जेथे संपते तेथे माणसाची सुरू झाली पाहिजे. कोठे वाजते ते यंत्र सांगेल. कोठे खणावे आणि कोठे थांबावे, हे मात्र ते यंत्र हाती धरणाऱ्यानेच ठरवायचे आहे.